रेसिंगच्या गॅरेजमध्ये शिरायचं कुठून?

वाचकाचं पत्र

ताई,
मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत असल्यापासून फॉर्म्युला वन बघते. आधी नुसत्या गाड्या आवडायच्या. आता शर्यत चालू असताना इंजिनिअर रेडिओवर चालकाशी काय बोलतो, टायर कधी आणि का बदलतात, याकडेच लक्ष असतं. मला हेच काम करायचंय, पण सुरुवात कुठून करू ते कळत नाही. मोटरस्पोर्टची वेगळी पदवी घ्यायला हवी होती का? माझे गुण बरे आहेत, पण मी पहिल्या पाचात नाही. घरात कुणाचा गाड्यांशी संबंध नाही आणि मी आजवर पाना हातात धरलेला नाही. आई-बाबा म्हणतात, आधी एखाद्या मोटार कंपनीत नोकरी धर, पुढचं पुढे बघू. तिकडे एकदा गेले की रेसिंग कायमचं सुटेल अशी मला भीती वाटते. आणि या क्षेत्रात मुली फारशा दिसत नाहीत, त्याचीही धाकधूक आहेच.
— एक वाचक

उत्तर

प्रिय मैत्रीण,

शर्यत बघताना तुझं लक्ष रेडिओवरच्या बोलण्याकडे असतं, हे तुझ्या पत्रातलं वाक्य मी दोनदा वाचलं. रेसिंग आवडणारी माणसं पुष्कळ असतात. रेसिंगमधलं काम आवडणारी त्या मानाने फार थोडी, आणि तू त्या थोड्यांतली दिसतेस. म्हणून धीर देण्यात वेळ न घालवता सरळ कामाचं बोलते.

माझा सल्ला एकच आहे, बाकीचं सगळं त्याच्या भोवतीचं. पुढच्या पदवीची किंवा नोकरीची वाट बघू नकोस. आत्ता, कॉलेजात असतानाच, प्रत्यक्ष धावणाऱ्या एखाद्या रेस कारच्या एका भागाची जबाबदारी अंगावर घे. भाग कितीही छोटा असू दे. ब्रेकचं पेडल असेल, कूलिंगचे पाइप असतील, नाहीतर वायरिंग असेल. तो तूच आखायचा, बनवून घ्यायचा, गाडीवर बसवायचा, मोडला तर रात्र जागून दुरुस्त करायचा आणि का मोडला ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. नव्या मुलामुलींचे अर्ज माझ्यासमोर येतात तेव्हा मी सगळ्यात आधी हेच शोधते. याचं कारण साधं आहे. पिट लेन, म्हणजे गॅरेजसमोरून ट्रॅकवर जाणारी वाट, दुपारी दोनला उघडणार असेल तर गाडी दोनला तयार हवी. पार्ट उशिरा आला किंवा गणित चुकलं म्हणून शर्यत कुणी पुढे ढकलत नाही. हा ताण ज्यांनी एकदा सोसलाय, त्यांना गॅरेजमध्ये घेताना मन निर्धास्त असतं.

आता मोटरस्पोर्ट इंजिनिअर म्हणजे नेमकं कोण, ते जरा उलगडू. टीव्हीवर त्यातली दोन-चार माणसंच दिसतात. चालकाशी बोलतो तो रेस इंजिनिअर. सेटअप (म्हणजे त्या ट्रॅकसाठी गाडीची केलेली जुळणी), चालकाच्या तक्रारी, शर्यतीतले निर्णय हे सगळं त्याच्यापाशी येऊन मिळतं. त्याच्या जोडीला परफॉर्मन्स इंजिनिअर असतो, तो डेटा चाळून वेळ कुठे जातोय ते शोधतो. स्ट्रॅटेजीवाले टायर आणि पिट स्टॉपचं गणित बघतात. पण फॉर्म्युला वनच्या मोठ्या संघात हजाराच्या आसपास माणसं असतात आणि शर्यतीच्या वेळी गाडीच्या कामासाठी नेता येतात ती जेमतेम साठ. बाकीचे सगळे कारखान्यात. कुणी एरोडायनॅमिक्सवर, कुणी कंपोझिटच्या भागांवर, कुणी गिअरबॉक्सच्या टेस्ट रिगवर, कुणी कंट्रोल सॉफ्टवेअरवर, कुणी सिम्युलेटरवर. आलेला भाग ड्रॉइंगप्रमाणे आहे का हे मोजणारेही त्यातच आले. तुझी पहिली नोकरी बहुधा अशाच एखाद्या टेबलावर असेल. ते काम दुय्यम नाही. गाडीचा वेग बहुतांश तिथेच ठरतो.

म्हणून स्वतःला एक प्रश्न विचार. तुला रेडिओवरचा आवाज व्हायचंय, की गाडी वेगवान का होते हे शोधायचंय? दोन्ही उत्तरं चालतील, पण वाटा वेगळ्या आहेत. ट्रॅकवरच्या कामाची आस असेल तर फॉर्म्युला वनकडे एकटक बघत बसण्यापेक्षा खालच्या मालिकांकडे बघ. फॉर्म्युला २, फॉर्म्युला ३, फॉर्म्युला ४, जीटी, एन्ड्युरन्स म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यती, रॅली. फॉर्म्युला २ आणि ३ मध्ये सगळ्या संघांना इटलीतल्या दल्लारा कंपनीची एकसारखी चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, मिळते. गाडीत नवं काही घडवायला वाव जवळजवळ नसतो, त्यामुळे फरक पडतो तो सेटअपने, टायर सांभाळण्याने आणि चालकाचं बोलणं अचूक समजण्याने. रेस इंजिनिअरला याहून चांगली शाळा नाही. शिवाय संघ छोटा असल्यामुळे एकाच माणसाला डेटा, टायर प्रेशर, इंधनाचा हिशेब सगळं बघावं लागतं. मोठ्या संघात आयुष्यभर एकाच विभागात राहून जे शिकता येत नाही ते इथे एका हंगामात अंगवळणी पडतं.

कॉलेजात असताना जबाबदारी घ्यायची सर्वात जवळची जागा म्हणजे फॉर्म्युला स्टुडंट. अमेरिकेत फॉर्म्युला एसएई या नावाने १९८०च्या दशकात ही स्पर्धा रुजली, १९९८ पासून ब्रिटनमध्ये होते आणि २००६ पासून जर्मनीत. विद्यार्थ्यांनी एक आसनी रेस कार स्वतः डिझाइन करून बांधायची आणि स्पर्धेत उतरवायची. पेट्रोल गाडीच्या इंजिनाला ७१० सीसीची मर्यादा आहे आणि सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एका छिद्रातूनच आत जाऊ शकते. इलेक्ट्रिक गाडीला ८० किलोवॉटची मर्यादा. सर्वात जास्त गुण एन्ड्युरन्सला असतात. सुमारे २२ किलोमीटर गाडी चालवायची, मध्ये चालक बदलायचा आणि गाडी पुन्हा सुरू करायची. तापलेली गाडी त्या वेळी सुरूच होत नाही, असं दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतं. वर्षभराची मेहनत एखाद्या सैल कनेक्टरपायी तिथे संपते. आणि पुढच्या वर्षी त्या संघातला तो कनेक्टर बघणारा मुलगा किंवा मुलगी सगळ्यात भरवशाचं माणूस झालेलं असतं.

तुझ्या कॉलेजात असा संघ असेल तर उद्याच जाऊन भेट. नसेल तर बाहेरच्या छोट्या रेस संघाकडे जा, त्याबद्दल पुढे लिहिते. पण संघात गेल्यावर एक सांभाळ. सगळ्यांना एरोडायनॅमिक्स हवं असतं, कारण त्याची रंगीत चित्रं छान दिसतात. तू, निदान पहिल्या वर्षी, जिथे हात काळे होतात ते काम माग. तू आजवर पाना धरलेला नाहीस, ही काही कायमची उणीव नाही, चार महिन्यांत भरून निघेल. पण भरून काढायला हवीच. बोल्टवर पाना फिरायला जागा न ठेवता ज्यांनी भाग आखलाय, त्यांचा राग मेकॅनिक रात्री दोन वाजता काढतात, आणि तो रास्त असतो. रॉस ब्रॉन यांचं नाव तू ऐकलं असशील. शूमाकरच्या फेरारीचे तांत्रिक संचालक, नंतर स्वतःच्या नावाच्या संघाने २००९चं जगज्जेतेपद मिळवणारे. १९७६ साली मार्च कंपनीत ते लागले ते मिलिंग मशीन चालवायला. पुढे फॉर्म्युला ३ च्या संघात मेकॅनिक होते. भाग कसा कापला जातो हे हातांना माहीत असलेला माणूस ड्रॉइंग वेगळं काढतो.

आता अभ्यासाचं. इथे मला जास्त वेळ घ्यायचाय, कारण मुलाखतीत घसरतात ते इथेच. मुलाखत घेणारे तुला संघांचा इतिहास विचारणार नाहीत. ते विचारतील, पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा, कडक केला तर गाडी काय करेल? बहुतेक जण पटकन सांगतात, अंडरस्टिअर वाढेल, म्हणजे स्टिअरिंग फिरवूनही गाडी हवी तेवढी वळणार नाही. मग पुढचा प्रश्न येतो, का? आणि तिथे शांतता पसरते.

कारण टायरमध्ये आहे. टायरवर भार वाढवला की त्याची पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही. समजा एका टायरवर ३००० न्यूटन भार आहे आणि तो त्याच्या दीडपट, म्हणजे ४५०० न्यूटन आडवा जोर देतो. दोन टायर मिळून ९००० झाले. आता वळणात आतल्या टायरवरचा २००० न्यूटन भार बाहेरच्यावर गेला. बाहेरच्यावर ५००० आणि आतल्यावर १०००. एकूण भार तेवढाच आहे. पण जास्त भाराखाली टायरचं गुणोत्तर घसरून १.३ झालं आणि हलक्या भाराखाली १.७ झालं असं धर. बाहेरचा देतो ६५००, आतला १७००. बेरीज ८२००. भार जसाच्या तसा, पण आठशे न्यूटनची पकड गेली. वळणात एकूण किती भार बाहेर सरकतो हे गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधलं आडवं अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरतं, बारच्या कडकपणाने त्यात जवळजवळ फरक पडत नाही. बार ठरवतो ते हे, की त्यातला किती वाटा पुढच्या चाकांनी उचलायचा आणि किती मागच्या. पुढचा बार कडक केला की पुढच्या चाकांच्या वाट्याला जास्त येतं, पुढची पकड कमी होते, मागची थोडी वाढते आणि गाडीचं नाक वळायला कुरकुर करतं.

हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, खऱ्या टायरचे वेगळे असतील. पण एवढी साखळी जिला अडखळल्याशिवाय कागदावर मांडता येते, तिचे गुण पहिल्या पाचातले आहेत की नाहीत हे त्या क्षणी कुणी बघत नाही. काही मोठे संघ अर्ज चाळताना गुण बघतात हे खरं आहे. त्यामुळे गुण घसरू देऊ नकोस. पण त्यांच्यासाठी गाडीवरचं काम सोडू नकोस.

ही समज ट्रॅकवर कशी कामाला येते ते बघ. चालक म्हणतो, गाडी वळत नाहीये. नवा इंजिनिअर लगेच सेटअप बदलायला धावतो. अनुभवी इंजिनिअर विचारतो, कोणत्या वळणात? वळणात शिरताना, मध्यावर, की बाहेर पडताना? डाऊनफोर्स, म्हणजे गाडीला जमिनीकडे दाबणारा हवेचा जोर, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, वेग दुप्पट झाला तर चौपट. म्हणून तक्रार फक्त वेगवान वळणांत असेल तर नजर पंखांकडे आणि गाडीच्या जमिनीपासूनच्या उंचीकडे जाते. फक्त संथ वळणांत असेल तर स्प्रिंग, बार, डिफरन्शियल, टायरचं तापमान. फक्त शिरताना असेल तर आधी डेटाच्या आलेखातली ब्रेकची रेघ बघायची, चालक ब्रेक किती उशिरा सोडतोय ते. पुष्कळदा गाडीत काहीच बदलावं लागत नाही, चालकाला एक वाक्य सांगावं लागतं. ते वाक्य कोणतं आणि केव्हा सांगायचं, हे ज्याला कळतं त्याला चालक सोडत नाहीत.

डेटा वाचायला शिकायला तुला कुणाची परवानगी नको. मोटेक कंपनीचं आय-टू हे विश्लेषणाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि खरे संघ ते वापरतात. असेट्टो कोर्सा कॉम्पेतित्सिओने या सिम्युलेटरमधून टेलिमेट्री, म्हणजे गाडीच्या वेग-ब्रेकसारख्या नोंदी, थेट त्याच स्वरूपात बाहेर काढता येते. स्वतः चालव, नाहीतर मित्राला चालवायला लाव. दोन लॅप एकावर एक ठेव आणि कुठल्या वळणात किती वेळ गेला, का गेला, ते एका पानात लिही. मग एकच गोष्ट बदल, फक्त एकच, आणि आधी अंदाज लिहून मग लॅप बघ. अंदाज चुकला तर का चुकला तेही लिही. पायथन येत असेल तर फास्टएफवन ही मुक्त लायब्ररी आहे, तिच्यातून फॉर्म्युला वनच्या शर्यतींचा टायमिंग डेटा मिळतो. टायर जुना होत जातो तसा लॅप टाइम कसा वाढतो याचं साधं मॉडेल बनव. इंधन जळून गाडी हलकी होते त्याचा परिणाम वेगळा काढायला विसरू नकोस, नाहीतर टायर प्रत्यक्षापेक्षा चांगले दिसतील. एवढं केलंस की स्ट्रॅटेजीवाले दिवसभर कशाशी झुंजतात ते तुला कळेल. आणि नियमावल्या वाच. मोटर रेसिंगची जागतिक नियामक संस्था एफआयए त्या सगळ्यांसाठी खुल्या ठेवते. कंटाळवाण्या आहेत, पण रेसिंगमधल्या बहुतेक हुशार कल्पना नियमाच्या एखाद्या वाक्यातूनच जन्मल्या आहेत.

मोटरस्पोर्टची वेगळी पदवी घ्यायला हवी होती का? माझ्या मते नाही. मेकॅनिकल हा भक्कम पाया आहे. फॉर्म्युला वनमधले नामवंत डिझायनर एड्रियन न्यूई साउदॅम्प्टनला एरोनॉटिक्स शिकले. रेड बुलच्या स्ट्रॅटेजी प्रमुख हॅना श्मिट्झ केंब्रिजमधून मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून २००९ साली त्या संघात आल्या, त्या मॉडेलिंग आणि सिम्युलेशनच्या कामावर. पुढे, पदवीनंतर, एक वर्षाचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं असेल तर इंग्लंडमधली क्रॅनफील्ड आणि ऑक्सफर्ड ब्रूक्स ही नावं या क्षेत्रात पक्की आहेत. सध्या विल्यम्सचे प्रमुख असलेले जेम्स वॉल्स क्रॅनफील्डमध्येच शिकले. या संस्थांचा खरा फायदा जागेचा आहे. मर्सिडीजचं ब्रॅकली, रेड बुलचं मिल्टन कीन्स, विल्यम्सचं ग्रोव्ह, ॲस्टन मार्टिनचं सिल्व्हरस्टोन, अल्पाइनचं एन्स्टन, सगळं एकमेकांपासून थोड्या तासांच्या आत. शनिवार-रविवारी मदतीला जायला छोटे संघही त्याच भागात भरपूर. पण खर्च मोठा आहे, आणि पदवीने नोकरीची हमी मिळत नाही. कर्ज काढून जाणार असशील तर जाण्याआधी फॉर्म्युला स्टुडंटचं निदान एक पूर्ण वर्ष पदरात असू दे, म्हणजे तिथे गेल्यावर सुरुवात शून्यापासून होणार नाही. दुसऱ्या देशातून येणाऱ्याला ब्रिटनमध्ये कामाच्या व्हिसासाठी प्रायोजक म्हणून परवाना असलेला मालक लागतो. मोठे संघ असे असतात, छोटे बरेचदा नसतात. अर्ज करण्याआधी हे तपासून घे. आणि मोठ्या संघांच्या, विद्यार्थ्यांना कामाचा अनुभव देणाऱ्या वर्षभराच्या प्लेसमेंटच्या जागा बऱ्याच आधी, साधारण आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत जाहीर होतात. उन्हाळ्यात जागे होणाऱ्यांचं ते वर्ष हुकतं.

आई-बाबांच्या म्हणण्याबद्दल. त्यांचं म्हणणं आणि तुझं स्वप्न यांत तुला वाटतं तेवढा विरोध नाही. लीना गाडे यांचीच वाट बघ. भारतीय आई-वडिलांच्या, इंग्लंडमध्ये जन्मलेल्या. मँचेस्टरला एरोस्पेस इंजिनिअरिंग केलं आणि जॅग्वारमध्ये नोकरीला लागल्या. म्हणजे थेट तुझ्या आई-बाबांनी सुचवलेलीच नोकरी. पण शनिवार-रविवार त्या छोट्या रेस संघांमध्ये काम करायच्या. त्यातून हळूहळू वर सरकत औडीच्या एन्ड्युरन्स संघात पोचल्या. २०११ साली ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत औडीच्या तीन गाड्या उतरल्या. दोन भीषण अपघातांत बाद झाल्या. उरली ती गाडे यांची, आणि तिच्या मागे प्यूजोच्या गाड्या. चोवीस तासांनंतर त्या एकट्या गाडीने १४ सेकंदांहूनही कमी फरकाने शर्यत जिंकली. ल मां जिंकणाऱ्या गाडीची पहिली स्त्री रेस इंजिनिअर असा त्यांचा मान आहे, आणि २०१२ आणि २०१४ साली त्यांनी तो विजय पुन्हा मिळवला.

तेव्हा मोटार कंपनीतली नोकरी ही काही रेसिंगला मुकण्याची खूण नाही. सस्पेन्शन, बॅटरी, कंट्रोल सॉफ्टवेअर, क्रॅश टेस्टिंग या विभागांतलं दोन-तीन वर्षांचं काम संघांना उपयोगीच पडतं. मुकायला होतं ते शनिवार-रविवार नुसते रिकामे घालवल्याने. आणि कंपनीत गेलीस तर विभाग जपून निवड. बैठका आणि तक्ते भरणाऱ्या कामापेक्षा मोजमाप आणि चाचणीच्या कामाला हात घाल, पगार थोडा कमी मिळाला तरी. एक बाजू मात्र घरी आधीच सांगून ठेव: रेसिंगमध्ये सुरुवातीचा पगार बऱ्याचदा मोठ्या मोटार कंपनीपेक्षा कमी असतो, करार हंगामापुरता असू शकतो आणि प्रायोजक गेला की संघही जाऊ शकतो. ट्रॅकवरचं काम असेल तर फॉर्म्युला वनच्या २०२४ आणि २०२५ च्या हंगामांत २४-२४ शर्यती होत्या. घरचे सण, लग्नं, आजारपणं यांतलं बरंच चुकतं. हे लपवून त्यांची परवानगी मिळवू नकोस. माहीत असताना दिलेला पाठिंबा जास्त काळ टिकतो.

मुली दिसत नाहीत, हे खरं आहे. कमीच आहेत. फॉर्म्युला वनमध्ये पूर्ण वेळ रेस इंजिनिअर झालेली पहिली स्त्री, लॉरा म्युलर, हास संघात त्या पदावर आली ती २०२५ साली. इतका उशीर व्हायला नको होता, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण तू येशील तेव्हा परिस्थिती माझ्या सुरुवातीच्या काळापेक्षा बरी असेल, कारण आज जवळजवळ प्रत्येक विभागात कुणी ना कुणी स्त्री आहे. तुला कुणी कागदपत्रांचं, फोटोंचं, प्रायोजकांशी बोलण्याचं काम चिकटवू बघेल. फॉर्म्युला स्टुडंटच्या संघांत तर हे सर्रास होतं. ते काम वाईट नाही, पण तुला गाडीवरचं हवंय, तर पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांग आणि मागे हटू नकोस. कुठल्या संघात अपमान सहन करावा लागत असेल तर तो संघ सोड. संघ आणखी आहेत.

वीज आणि सॉफ्टवेअर यांकडे पाठ फिरवू नकोस, मेकॅनिकलवाले हमखास फिरवतात. फॉर्म्युला वनमध्ये २०१४ पासून हायब्रिड पॉवर युनिट आहे, आणि २०२६च्या नियमांत विजेच्या मोटरची ताकद ३५० किलोवॉटपर्यंत गेली आहे, म्हणजे एकूण ताकदीचा जवळजवळ अर्धा वाटा. बॅटरी कधी भरायची, कधी रिकामी करायची, हाच आता लॅप टाइमचा मोठा भाग आहे. मेकॅनिकलची समज असलेली आणि कंट्रोल सिस्टिम वाचता येणारी व्यक्ती आजही संघांना शोधून सापडत नाही. तुझ्या कॉलेजात त्याचा ऐच्छिक विषय असेल तर घे.

आता अर्ज. मुलं लिहितात, आम्ही सस्पेन्शन डिझाइन केलं. आम्ही म्हणजे किती जण, आणि त्यात तू काय केलंस? हे लिही: पुढच्या विशबोनवर (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यावर) किती भार येईल याचा माझा अंदाज अमुक होता, ताण मोजणारं स्ट्रेन गेज लावून मोजल्यावर तमुक आला, फरक अमक्या कारणाने पडला, म्हणून पुढच्या गाडीत मी हे बदललं. चार ओळी पुरतात. अंदाज आणि मोजमाप यांत फरक आला हे लिहायला घाबरू नकोस. सगळं तंतोतंत जुळलं असं लिहिणाऱ्यांबद्दलच मला शंका येते.

आणि आज रात्री करण्यासारखं एक काम. तुला प्रवास करून जाता येईल अशा अंतरावर धावणारा एखादा छोटा संघ शोध, फॉर्म्युला ४ चा, रॅलीचा, कार्टिंगचा, कुठलाही चालेल. त्यांना लहानसं पत्र लिही. तू कोण, कोणत्या शनिवार-रविवारी मोकळी आहेस, आणि टायरचं प्रेशर आणि तापमान नोंदवण्यापासून चाकं धुण्यापर्यंत काहीही करायची तयारी आहे. रेसिंगवरचं प्रेम त्यात लिहू नकोस, ते सगळेच लिहितात. तारखा लिही. पहिली काही पत्रं निरुत्तर राहतील. हंगाम सुरू होण्याच्या महिनाभर आधी त्याच संघांना पुन्हा लिही, त्या दिवसांत त्यांना हमखास माणसं कमी पडतात. एखाद्याने बोलावलं तर सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोच, बंद बूट घालून जा, खिशात वही-पेन असू दे. गाडीच्या कुठल्याही भागाला हात लावण्याआधी मेकॅनिकला विचार आणि प्रत्येक आकडा वेळेसकट नोंदव. दुपारपर्यंत इंजिनिअर तुझी वही मागेल.